उभ्या पायाचं माप

जिंतूर
६ सप्टेंबर २०२४

प्रिय राजी,

उजव्या कोपऱ्यात तारीख, डाव्या बाजूला बोटभर समास. बघ, अजून विसरले नाही. होस्टेलमध्ये सिस्टर बेनेडिक्टा शनिवारी दुपारी सगळ्यांना घरी पत्रं लिहायला बसवायच्या. माझ्या घरी वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून मी माझं पत्र तुलाच लिहायचे, शेजारच्या बाकावर. तू उत्तरही द्यायचीस. पन्नास वर्षांनी तोच खेळ परत सुरू करू या म्हणतेस तर माझी ना नाही.

तुझ्या कानांचं मला आधीच लक्षात आलं होतं. मागे एकदा फोनवर मी म्हटलं, हे गेले त्याला आता तीन वर्षं होतील, आणि तू म्हणालीस, वा, छान झालं. राग नाही आला गं. फोन ठेवल्यावर मी एकटीच हसत बसले. तीन वर्षांत ह्या घरात मी एवढं हसले नव्हते.

आता काम सांगते. मला बूट घ्यायचे आहेत, डोंगरात चालायचे. माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा बिरदेव, अजून राणीसावरगावला मेंढरं राखतो. दसरा झाला की तो कळप घेऊन डोंगराच्या वाटेनं निघतो. पहिले चार मुक्काम मी त्याच्याबरोबर चालणार आहे. आबा आम्हा पोरांना घेऊन ज्या वाटेनं चालायचे तीच वाट. काळा दगड, पायाखाली सुटणारी खडी आणि हिवराचे काटे. लहानपणी मी ती अनवाणी चालले. चौसष्टाव्या वर्षी ते जमायचं नाही.

बबितानं इथल्या दुकानातून दोन जोड घरी आणून दाखवले. बबिता माझ्याकडे कामाला येते, हल्ली दिवसभर असते. दोन्ही बूट पांढरे, मऊ, हातात घेतले तर वजनच नाही. हे घालून मी डोंगर चढले तर बिरदेवची मेंढरं हसतील. मला कातड्याचे हवेत, टिकणारे. रेल्वेच्या गँगमनचे बूट शिवणाऱ्या बापाची तू लेक. तूच निवडून दे.

तुझी,
दैवशाला


सेलू
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय दैवा,

'छान झालं' म्हणाले हे वाचून मी कपाळावर हात मारला. माफ कर. म्हणूनच फोन नको म्हणते. समोरचा काय बोलतो ते कळत नाही आणि दर वेळी 'काय?' विचारायची लाज वाटते, मग मी हो, वा, छान एवढंच म्हणते. मार्चमध्ये परभणीच्या बसस्टँडवर माझी गाडी पुकारली आणि माझ्यासमोरून निघून गेली. तेव्हापासून मी सेलूच्या बाहेर पडले नाही. घराखाली बाबांच्या दुकानाचं शटर बंद, वर मी. दिवसातून दोनदा जिना उतरते.

पण तुझं पत्र वाचून खाली गेले आणि शटर अर्धं वर केलं. इतक्या वर्षांनीही आत कातड्याचा वास आहे. तो वास होस्टेलमध्ये माझ्या ट्रंकेलाही यायचा. कुणी शेजारी खाट लावू देईना आणि तुझ्या घोंगडीला मेंढराचा वास, म्हणून तुझीही खाट भिंतीकडे एकटी. मग तूच तुझी खाट ओढत माझ्याजवळ आणलीस आणि म्हणालीस, आपण दोघी सारख्याच वासाच्या.

आता बूट. बाबा कुठलाही बूट हातात घेतला की आधी उलटा करायचे. गिऱ्हाईक वरची चकाकी दाखवत असलं की म्हणायचे, "वरून काय बघतू? चालनार खालून हाय." तर आधी तळ बघ. जाड, खोल खाचांचा, आणि वरच्या भागाला टाके घालून जोडलेला असावा. नुसता चिकटवलेला नको, आपल्याकडच्या तापल्या दगडावर तो उलतो. मग दोन्ही हातांनी बूट वाकव. चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध वाकला तर तिथंच ठेवून दे.

कातड्याचा वरचा थर, म्हणजे जनावराच्या केसांकडची बाजू, तासून काढलेली नसावी. तीच खरी टिकते. ती एकसारखी दिसत नाही, कुठं ओरखडा, कुठं गोचिडाची खूण राहते. खुणा दिसल्या तर समाधान मान. आरशासारखं गुळगुळीत असेल त्यावर रंग थापलेला असतो. शिवणी जितक्या कमी तितकं पाणी कमी शिरेल. बूट घोट्याच्या वर यायला हवा आणि नाडीखालची जीभ दोन्ही कडांना शिवलेली हवी, नाहीतर खडे आत येऊन बसतात. पुढं अंगठ्याएवढी जागा ठेव, उतारावर बोटं पुढं सरकतात. आणि नवा बूट घालून सरळ डोंगरात जायचं नाही. महिनाभर घरात घालून हिंड.

आमच्या गल्लीतला बुद्धभूषण मोबाईलवरून असले बूट मागवून देतो. त्यानं तीन जोडांचे फोटो दाखवले. दोन मी नापास केले, एक बरा वाटतो. पण माप हवं. संध्याकाळी काढ, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. कागदावर पाय, पेन्सिल सरळ उभी, दोन्ही पायांचं. पत्रातून पाठव.

तुझी वाट बघणारी,
राजी


जिंतूर
१९ सप्टेंबर २०२४

प्रिय राजी,

सोबत दोन कागद आहेत, डावा आणि उजवा. डाव्यावर ते फुगीर दिसतं ते माझं जुनं बोट. तुला सांगायला नको.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. आता रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायाकडे बघते. समोरच्या घरातला मुलगा कामाला जातो त्याच्या बुटाचा तळ चिकटवलेला आहे, डाव्या टाचेपाशी सुटलाय. शेजारच्या सूनबाई दोरीवर कपडे वाळत घालताना चवड्यांवर उभ्या राहतात. सकाळी सात वाजता दूधवाला, साडेआठला शाळेच्या पोरी, अकराला पोस्टमन. पोस्टमनच्या चपला बघून तर वाईटच वाटतं.

मी रोज पहाटे डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन येते. दम लागत नाही. बबिता म्हणते, बाई, तुमी आता कुणाला ऐकत न्हाई.

संध्याकाळी गच्चीवरून डोंगर निळे दिसतात. आबा म्हणायचे, डोंगर निळा दिसला की लांब हाय, काळा दिसला की आलाच. मला तो काळा दिसायला हवाय.

दैवा


सेलू
२६ सप्टेंबर २०२४

प्रिय दैवा,

मापं मिळाली. पण बाईसाहेब, तुम्ही बसून काढलीत. चूक माझी आहे. उभं राहून काढ हे मी लिहायला विसरले. बाबांच्या दुकानात ते सांगावं लागत नसे, गिऱ्हाईक आलं की कागदावर उभंच राहायचं. बसलेल्या माणसाच्या पायावर भार नसतो. उभं राहिलं की पाय रुंदावतो, लांबीतही वाढतो. कुणी घाईचं गिऱ्हाईक स्टुलावर बसून पाय पुढं करायचं, तेव्हा बाबा म्हणायचे, "उठा. बसल्या पायाचं माप खोटं बोलतंय."

तुझ्या पायाचं खरं माप बाबांनी घेतलं होतं, आठवतं? दिवाळीआधीच्या भेटीच्या रविवारी ते जालन्याला होस्टेलवर आले होते. रविवारच्या प्रार्थनेला काळे बूट सक्तीचे, आणि तुझ्याकडे नव्हते. व्हरांड्यात त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि तुला त्यावर उभं केलं. तुझं डाव्या पायाचं धाकटं बोट शेजारच्या बोटावर चढलेलं पाहून विचारलं, हे काय गं? तू म्हणालीस, बैलगाडी. त्यांनी बुटाला तेवढ्याच ठिकाणी छोटा फुगवटा दिला. तळपायाला हात लावून मला म्हणाले होते, ही पोरगी लय चालल.

चार कागद पाठवते, दोन जास्तीचे, चांगले जाड आहेत. बबिताला पेन्सिल धरायला सांग आणि तू सरळ उभी राहा. दोन्ही पायांवर सारखा भार.

कालपासून दुकान झाडायला काढलंय. कातड्याला भोकं पाडायची बाबांची आरी सापडली. तिची मूठ माझ्या हातात बसत नाही, त्यांच्याच हाताची झालेली आहे.

राजी


जिंतूर
३ ऑक्टोबर २०२४

प्रिय राजी,

घे, उभ्या पायांची मापं. तुझ्या बाबांना चालतील अशी. बबितानं पेन्सिल धरली. आता कृपा करून बूट मागव. बिरदेव निघायला पंधरा दिवसही राहिले नाहीत आणि तुझा महिनाभर घरात हिंडायचा नियम मला आता पाळता येणार नाही.

सामान काढून ठेवलंय. घोंगडी, बॅटरी, गुडघ्याचं तेल. खिशात गूळ-शेंगदाणे. आबांची काठी माळ्यावर होती, ती बबितानं खाली काढून माझ्या उशाशी, म्हणजे दाराशी, उभी केली आहे.

घाईत आहे. मोठं पत्र नंतर.

दैवा


सेलू
९ ऑक्टोबर २०२४

दैवा,

दोन दिवस हे पत्र लिहायचं की नाही ठरवत होते.

नवी मापं मी दुकानाच्या पाटावर जुन्या मापांशेजारी ठेवली. नव्या कागदावरचा पाय सुंदर आहे. रुंद चवडा, बोटं एकमेकींपासून सुटी, अंगठा बाहेर गेलेला. शेतात, बांधावर अनवाणी वावरलेल्या बाईचा पाय. तिशी-पस्तिशीचा. बाबांनी बूट करून दिले तेव्हापासून तुझे पाय बुटा-चपलांत आहेत, तुझी बोटं अशी पसरलेली असणार नाहीत. धाकट्या बोटाचा फुगवटा तू नंतर काढलास. तिथं खोडरबर फिरलंय आणि रेघ जास्त दाबलेली आहे. हा बबिताचा पाय आहे.

मग मी पहिले कागद परत बघितले. मला वाटलं होतं, तू खुर्चीत बसून काढलेत. पण खुर्चीतही पाय जमिनीला टेकतो. ह्या कागदांवर टाचेची रेघ मध्येच तुटली आहे, आणि उजवा कागद मधोमध मुडपलेला आहे. तो पायाखाली नव्हता. पाय हवेत होता आणि कागद कुणीतरी त्याला लावून धरला होता. अंथरुणात.

मग सगळी पत्रं पुन्हा वाचली. सातला दूधवाला, अकराला पोस्टमन, दोरीवरचे कपडे. सगळं एका खिडकीतून दिसणारं. काठी तुझ्या उशाशी आहे, दाराशी नाही.

बाबांची लेक म्हणून बूट निवडायला सांगितलंस, तर बाबांच्या लेकीला पाय वाचता येतो हे तू कसं विसरलीस?

मी येते आहे. शनिवारी दसरा आहे, त्या दिवशी सकाळच्या गाडीनं. येऊ नकोस म्हणायचं असेल तर खुशाल लिही. हे मी स्पीडपोस्टनं टाकतेय, पण तुझं पत्र सेलूला यायला चार-पाच दिवस लागतात आणि मी तिसऱ्या दिवशी निघालेली असेन. कंडक्टरसाठी चिठ्ठी लिहून ठेवली आहे: 'मला ऐकू येत नाही. जिंतूर आलं की खांद्याला हात लावून सांगा.' ती लिहितानाही मला घाम फुटला. म्हणून म्हणते, मी दाराशी आले की नुसतं दार उघड. बोलू नकोस. मला तसंही कळणार नाही.

राजी


जिंतूर
११ ऑक्टोबर २०२४

प्रिय राजी,

तुझं पत्र आत्ता अकराला आलं. हे उत्तर तुला वेळेत मिळणार नाही हे तू लिहिलंच आहेस. तरी लिहिते, कारण उद्या तू समोर असशील तेव्हा मला हे सांगता येणार नाही.

येऊ नकोस, हे पहिलं वाक्य समज.

जूनमध्ये मोरीत पाय घसरून पडले. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्या दिवसापासून उभं राहायचं. मी राहिले. वॉकर धरून चौथ्या पावलाला गुडघा लटपटला आणि बबितानं सावरलं. काही लागलं नाही. पण त्यानंतर पाय जमिनीला टेकवला की मला पुन्हा ती मोरीतली फरशी दिसते. आज नको म्हणते. असे चार महिने झाले. वॉकरवर आता टॉवेल वाळत घातलेले असतात.

मुलगा बंगळुरूहून रोज रात्री साडेआठला मोबाईलवर चेहरा दाखवतो. त्याला मी उशीला टेकून, केस विंचरून दिसते. म्हणतो, आई, फ्रेश दिसतेस. जेवलीस का विचारतो. तो वाईट नाही गं. त्याला खिडकीएवढीच मी दिसते.

बिरदेवला मी येणार हे माहीतही नाही. ती वाट मी झोपून छताकडे बघत चालते. कुठं ओढा, कुठं चढ, सगळं पाठ आहे. तुझी चिठ्ठी आली, पत्र लिही म्हणून. मी पडले आहे, हे लिहिलं असतं तर ते एका पत्रात संपलं असतं. तू दुःख झालं म्हणाली असतीस, काळजी घे म्हणाली असतीस, मग पुढं काय लिहायचं? बुटांची पत्रं चालत राहिली असती. तुझ्या प्रत्येक पत्रात मी उभी होते. आणि तुझ्या बाबांचं ते वाक्य, ही पोरगी लय चालल. ते खोटं ठरलेलं तुला दिसू नये एवढंच मला हवं होतं.

बबिताला कागदावर उभी केली तेव्हा ती म्हणाली, "बाई, माझ्या पायाचं माप घिऊन काय करायलाव? बूट मला यायचेत का?" मी म्हटलं, उभी राहा गं गप. तिला कळलं होतं. खोडरबर तिनंच आणून दिलं.

दारं उघडी ठेवायला सांगते.

दैवा


सेलू
७ नोव्हेंबर २०२४

प्रिय दैवा,

काल घरी पोचले. दार ढकललं तर तुझं अकरा तारखेचं पत्र उंबऱ्याच्या आत पडलेलं, तीन आठवड्यांची धूळ घेऊन. पायातल्या चपला न काढता जिन्यातच बसून वाचलं.

म्हणजे पंचवीस दिवस आपण एका खोलीत होतो आणि तू हे मला सांगितलं नव्हतंस. मोरीतली फरशी दिसते हेही नाही. मला वाटत होतं तुझा पाय दुखतो म्हणून तू उठत नाहीस. मी तुझ्या पोटऱ्या चोळत बसले.

आपली वही मी बरोबर आणली आहे, रागावू नकोस. बोलण्याऐवजी समोरासमोर बसून आपण ती लिहून भरून टाकली. काल गाडीत तीच वाचत आले. सतराव्या पानावर तू लिहिलंस, 'चहा गोड झालाय.' त्याखाली मी, 'उठून स्वतः कर.' मग पुढच्या पानावर तुझ्या अक्षरात, वाकडंतिकडं: 'धर.' ती लक्ष्मीपूजनाची सकाळ. खाटेला धरून तू उभी राहिलीस आणि मी मनात आकडे मोजले. सहा. मग तू बसलीस आणि दोघी घामाघूम. बबिता दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

येताना कंडक्टरला तीच चिठ्ठी दिली, 'जिंतूर' खोडून 'सेलू' लिहिलेली. त्यानं वाचली, खिशातून पेन काढलं आणि खाली लिहून परत दिली: 'बिनघोर झोपा, आजी.' मी झोपले नाही, पण बाहेर बघत आले. कापूस वेचणी चालू आहे.

घर फार गप्प आहे. मला ऐकू येत नाही तरी ते कळतं. तुझ्याकडे तुझे ओठ हलताना तरी दिसायचे.

बाबा लय चालल म्हणाले होते. कधीपर्यंत ते म्हणाले नव्हते आणि मध्ये बसायचं नाही असंही म्हणाले नव्हते. वॉकरवरचे टॉवेल दोरीवर टाक. बुद्धभूषणनं काल आल्या आल्या विचारलं, आजी, बूट मागवू का? मी त्याला सांगितलंय, माप आल्याशिवाय नाही.

राजी


जिंतूर
१८ डिसेंबर २०२४

प्रिय राजी,

बिरदेवचा फोन आला होता. कळप लांब गेलाय, जिल्ह्याच्याही पलीकडे. त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, पावसाच्या तोंडाला परत येतो. शेवटचा मुक्काम रस्त्याच्या कडंलाच असतोय. तिथून गावात मैलभर बी न्हाई." एवढंच. ये म्हणाला नाही, नको म्हणाला नाही.

मुलालाही सांगितलं. काल साडेआठला मोबाईल बबिताच्या हातात दिला आणि वॉकर धरून दारापर्यंत गेले. चित्र अडकलं असं मला वाटलं. मग तो चष्मा पुसायला लागला.

मी दिवसातून चार वेळा उठते. दारापर्यंत नऊ पावलं आहेत, परत येताना अकरा लागतात. मोरीची फरशी अजून दिसते. बबिता म्हणते, दिसू द्या, तिच्यावर पाय देऊन म्होरं जावा.

आज पोस्टमन मला दारात बघून गोंधळला. पत्र टाकायला खिडकीकडे वळला होता.

सोबत दोन कागद आहेत. तुझेच जाड कागद, जपून ठेवले होते. काल संध्याकाळी काढले. उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा अरुंद आलाय, त्यावर अजून पूर्ण भार देववत नाही. तेवढं समजून घे, आणि बूट जरा सैलच माग. मोजे जाड घालीन. पेन्सिल बबितानं धरली होती, कागद सरकू नये म्हणून दुसऱ्या हातानं दाबून.

डाव्या टाचेपाशी रेघ हलली आहे. तिथं मी डगमगले होते. खोडलेली नाही.

तुझी,
दैवा